दिवा लागला, वाढवा

आमच्या घरात मीठ कधी संपलं नाही. ते वाढायचं. बांगडी फुटायची नाही, तीही वाढायची. कुंकवाचा करंडा रिकामा झाला की आई म्हणायची, "कुंकू वाढलंय, येताना आणा," आणि माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, दर वेळी नव्यानं विचारायचे, "वाढलंय तर आणू कशाला?" नारळ देवापुढं वाढवायचा, दुकानदार दुकान वाढवायचा, आणि निजताना कंदीलसुद्धा विझवायचा नाही, वाढवायचा. आई माणदेशाकडची, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी पाऊस कमी, पाणी कमी, ज्वारीही बेताचीच. त्यामुळंच असेल, पण कमी होण्याचा शब्द त्या माणसांनी तोंडातून हद्दपार केला होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं बोलतात.

नानांचं उलटं होतं. उमेदीची सगळी वर्षं लष्करात घालवून ते सुभेदार म्हणून साताऱ्याला परतले होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट साफ लागायचा. सकाळी आमच्या घरात पहिला आवाज त्यांच्या शिट्टीचा, मग पितळी स्टोला पंप मारल्याचा, मग आईच्या भाकरी थापण्याचा. या तिन्हींच्या मध्ये माझी थोरली बहीण शकूताई आरशापुढं उभी राहून वेणी घालत असायची आणि नाना बाहेरून विचारायचे, "शकुंतला, तयार?" ती म्हणायची, "तयार." ती कधीच तयार नसायची. मला हाक यायची "सुमन, तयार?" आणि मी कधीची दारात उभी असायचे, कारण दारात गाडी उभी असायची.

ती गाडी नानांना एका ऊसवाल्या पाटलांच्या गोठ्यात सापडली. कडब्याच्या पेंढ्या काढता काढता खाली निळं टप दिसलं. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, आमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी अशी विलायती मोटार. पाटलांना गोठा मोकळा हवा होता आणि नानांना आयुष्यात एकदा तरी स्वतःची मोटार हवी होती, तेव्हा ती ट्रकवर चढून आमच्या अंगणात आली. तिच्या मागच्या सीटवर पाटलांची एक कोंबडी अंडी घालायची. तीही ट्रकमधून बरोबर आली आणि तिनं सीटवरचा हक्क सोडला नाही. आई रोज सकाळी मोटारीचं दार उघडून अंडं काढून आणायची आणि म्हणायची, "एवढं तरी मिळतंय."

गाडी चालू झाली, पण तिच्या वायरींनी नानांची झोप उडवली. वायरींवर जुन्या पद्धतीचं कापडी वेष्टण होतं, बोट लावलं की त्याची भुकटी व्हायची. उरलंसुरलं उंदरांनी खाल्लं होतं. नानांनी हाताला येतील तेवढ्या वायरी बदलल्या, पण समोरच्या लाकडी फळीमागं त्यांचा हात पोचत नव्हता आणि तिथं काय आहे ते देवालाच ठाऊक होतं. भीतीला कारणही होतं. कुठल्याशा छावणीत असताना त्यांनी एका साहेबाची जुनी मोटार जळताना पाहिली होती. परेड चाललेली, सगळी पलटण सावधानमध्ये. मैदानाच्या कडेला उभ्या मोटारीच्या नाकातून धूर निघाला. तो प्रत्येकाला दिसला. पण हुकूम देणारा साहेबच पाठमोरा उभा, आणि हुकमाशिवाय हलायचं कुणी? सगळे जण छाती काढून, मान ताठ ठेवून ती गाडी जळून कोळसा होईपर्यंत बघत राहिले. "आग लागली यात कुनाची चूक न्हाई," नाना सांगायचे. "जुनी वायर हाय, लागनारच. हुकूम तयार नव्हता, ती चूक." तेव्हापासून त्यांची खात्री होती की माणूस आगीनं मरत नाही, गोंधळानं मरतो.

म्हणून त्यांनी तयारी केली. विहिरीवरच्या मोटरीचा एक जुना लाकडी मुठीचा खटका आणून तो ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला. मागच्या सीटवरून हात घालून तो ओढला की बॅटरीचं आणि गाडीचं नातं तुटायचं. दोन बादल्या वाळू. एक लाल नळकांडं, ज्यातून पूड उडते असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून नानांनी कधी उडवून दाखवलं नाही. आणि आईच्या माहेरचं एक काळं घोंगडं, कारण लोकर लवकर पेट घेत नाही. वरून एक नियम: बॉनेट पुरतं उघडायचं नाही, वारा लागला की भडका होतो. एवढं झाल्यावर रविवारी सकाळी कवायत ठेवली. नानांनी शिट्टी मारली आणि छातीतून आवाज काढला, "आग! आग! विझवाऽ!" आम्ही जागच्या हलायच्या आत आळीतली माणसं घागरी घेऊन धावली आणि त्यांनी गाडी, नाना आणि कोंबडी यांना सारखंच भिजवलं. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये, हे नाना ओल्या अंगानं त्यांना समजावून सांगत होते. ती माणसं म्हणत होती, पण आग कुठाय?

त्या दुपारी आईनं पाय रोवला.

"आवं, सकाळच्या पारी दारात उभं ऱ्हाऊन आग आग काय वरडताय? वास्तू तथास्तु म्हनती. घरावर येईल की."

"मग काय म्हनू? हुकूम नको व्हय?"

"दिवा लागला म्हना."

नाना म्हणाले, "बरं, लागला. आन् विझवायला?"

"विझवायचं कशाला? वाढवा म्हना."

लष्करानं नानांना बरंच काही शिकवलं होतं, पण आईशी वाद कसा घालावा हे शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून हुकूम बदलला. शिट्टी, मग "दिवा लागला!" आणि आम्ही तिघी एका सुरात "वाढवा! वाढवा!" म्हणत आपापल्या जागी धावायचो. आईकडं वाळू, शकूताईकडं नळकांडं, माझ्याकडं खटका आणि घोंगडं. येणारेजाणारे थांबून बघायचे. दुधवाल्यानं तर बरेच दिवस ही आमची कुळातली आरती समजून लांबूनच हात जोडले. कवायत झाली की आई हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायची, वर लसणाची फोडणी, आणि आम्ही अंगणातच वाट्या घेऊन बसायचो. त्या माडग्याला मला अजून जुन्या रबराचा वास येतो, आणि तो मला आवडतो.

मी ही कवायत इतकं मन लावून का करायचे, हे मात्र सांगायला हवं. मला गाडी चालवायची होती. दुसरं काही नको होतं, ना साडी ना सिनेमा. मी तसं सांगितलं तेव्हा नाना हसले नाहीत. म्हणाले, "आदी वाढवाया शिक. ज्याला वाढवता येती, त्यालाच चालवता येती." मी डोळे बांधून खटका ओढायला शिकले. मग त्यांनी मला पुढं बसवलं आणि अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत पुढं, फाटकापासून तुळशीपर्यंत मागं, एवढी गाडी चालवायला दिली. आईनं तुळशीचं वृंदावन वाचवायला शेजारी दगड लावून ठेवले. रस्त्यावर मात्र न्यायची नाही. ते पुढं, एखाद्या चांगल्या दिवशी.

मागच्या वर्षी नातवाबरोबर पुण्याला जाताना शिरवळजवळ चहाला थांबलो, तर तिथं जुन्या मोटारींचा मोठा ताफा उभा. सगळ्या आरशासारख्या चकचकीत, मालक गळ्यात रुमाल बांधून फोटो काढतायत. मी एकाला विचारलं, "खटका कुठं बसवलाय?" तो म्हणाला, "आजी, कसला खटका?" मी वाळूचं विचारलं, घोंगड्याचं विचारलं. त्यानं माझ्यासोबतही फोटो काढला. नातू म्हणाला, आजी, लाजवू नकोस. मला खरंच त्या माणसाची काळजी वाटत होती आणि अजून वाटते.

तर तो चांगला दिवस ठरला. शकूताईचं लग्न सांगलीला जुळलं. मुलाचा कुपवाडला लेथचा कारखाना, कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, पण माणूस हसरा. सांगलीला त्यांच्या घरी जाऊन सुपारी फोडायची होती. (सुपारी मात्र आमच्या आईच्याही तोंडी फुटायची. ती का वाढत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.) गाडीनं जायचं ठरलं आणि नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आष्ट्याच्या पुढं रस्ता सरळ हाय. तिथनं तू घे." मी त्या रात्री जेवले नाही, भूकच लागली नाही. आणि चार दिवस राहिले असताना नाना स्वतःच्याच वाळूच्या बादलीला अडखळून पडले आणि त्यांचा उजवा पाय प्लॅस्टरात गेला.

आईनं मुंबईहून तिच्या भावाला बोलावून घेतलं. भगवानमामा पोरवयातच तिकडं गेलेला, घरातलं वाढवायचं बोलणं विसरलेला; तो लॉरी चालवायचा आणि लॉरीवाल्यांचं जे एक चालणं असतं, दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून, तसं चालायचा. आल्या आल्या त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी, ही गाडी हाय का कोंबडीचं खुराडं?" मी सांगितलं की आष्ट्यापासून मी चालवणार आहे, तसं ठरलंय. मामा हसला. "सुमे, सोयरीक कराया निघालोय आपुन. गाडीवर पोरगी बघून सांगलीकर म्हनतील, सातारकरांची बाप्या मानसं संपली का काय." घरात 'संपली' हा शब्द निघाल्यामुळं आई दचकली, पण तिनं भावाला काही म्हटलं नाही. मी नानांकडं बघितलं. ते प्लॅस्टरवरचं काहीतरी नखानं खरवडत होते.

निघालो तेव्हा गाडीत माणसांपेक्षा तयारी जास्त होती. पुढं मामा, शेजारी नाना, त्यांचा प्लॅस्टरचा पाय खिडकीतून बाहेर. मागं मामाच्या पाठीशी मी, घोंगड्यावर बसलेली; मध्ये शकूताई, अंगावर जांभळं इरकल आणि मांडीवर लाल नळकांडं; कडेला आई, एका पायाशी वाळूची बादली, दुसऱ्या पायाशी दुसरी, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. मामाला कवायत समजावून सांगावी असा विषय नानांनी दोनदा काढला. मामा म्हणाला, "दाजी, मी घाटात ब्रेक न्हाई तवा बी गाडी उतरवलीया. मला काय सांगताय." वर कऱ्हाडला त्यानं गाडी थांबवली आणि लॉरीला असतो तसा गाणारा हॉर्न विकत घेऊन स्वतःच्या हातानं बसवला. शुभकार्याला निघालोय, वाजत गेलं पाहिजे, म्हणाला. वायर त्यानं कुठून कुठं नेली हे नानांनी मान लांबवून बघायचा प्रयत्न केला, पण पाय आडवा आला.

पेठ नाका गेला, इस्लामपूर गेलं. दोन्ही अंगाला तोडणीला आलेला ऊस, वाळलेली पाती सळसळतायत, मामा प्रत्येक बैलगाडीला हॉर्नचं गाणं ऐकवतोय. आष्टा मागं पडलं. रस्ता खरंच सरळ होता, नाना म्हणाले होते तसाच, आणि त्यावर कुणीही नव्हतं. मी म्हणाले, "नाना, आष्टा गेलं." नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हय, गेलं." एवढंच. मला फार राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. ज्या माणसाच्या तोंडून एकदा निघालेला हुकूम फिरला नाही, तो माणूस एका लॉरीवाल्यापुढं गप्प बसला होता. मी समोरच्या लाकडी फळीकडं बघत राहिले, कारण नानांच्या मानेकडं बघवत नव्हतं. आणि म्हणूनच फळीच्या फटीतून वर आलेली धुराची रेघ पहिल्यांदा मला दिसली.

"दिवा लागला!" मी ओरडले.

मामानं मान खाली घालून बटण चाचपलं. "भर दुपारी कशाचा दिवा? बंद हाय की."

"वाढवा!" शकूताई.

"वाढवा! वाढवा!" आई.

"वाढवाऽ!" नाना, परेडच्या आवाजात.

"आरं वाढवतोय की," मामा म्हणाला आणि त्यानं पाय दाबला.

ती म्हातारी गाडी इतकी पळू शकते हे आम्हाला माहीत नव्हतं. धूर फटीतून भसाभसा यायला लागला, मामाला वाटलं इंजिन तापलंय, वारा लागला की थंड होईल. आम्ही जितक्या जोरात वाढवा म्हणावं तितका तो वाढवत होता. मध्येच हॉर्न आपोआप सुरू झाला आणि थांबेना. दुतर्फा वाळलेला ऊस, त्यातून धूर सोडत, गाणं म्हणत, एक पाय बाहेर काढून आमची गाडी सांगलीकडं सुसाट चाललेली, आणि आत चार माणसं जीव तोडून वाढवा वाढवा म्हणतायत. रस्त्याकडेच्या ऊसतोड बायका कोयते खाली टाकून हसत होत्या. मी जन्मभर या गोष्टीचा विचार केला आहे: आम्हा चौघांनाही खरा शब्द येत होता. पण इतक्या रविवारांनंतर तो तोंडात यायलाच तयार नव्हता. शेवटी तो आईलाच सापडला.

"आरं मेल्या भगवाना, आग लागलीया! इझीव!"

मामानं ब्रेक दाबला आणि उडी मारून आधी काय केलं असेल, तर बॉनेट पुरतं उघडलं. भडका झाला. त्याच्या भुवया गेल्या आणि दोन्ही तळवे पोळले. मी त्याच्या सीटखाली हात घातला, मूठ सापडली, ओढली. हॉर्न मध्येच थांबला आणि इतकी शांतता झाली की उसातला पाखरांचा आवाज ऐकू आला. वायरींतला जीव गेला होता, पण पेटलेलं पेटलेलंच होतं आणि ठिणग्या उसाकडं निघाल्या होत्या. आईनं धावत येऊन इंजिनावर डबा उपडा केला. ते लाडू होते. मग ती वाळूला परत गेली. शकूताई नळकांडं पोटाशी धरून विचारत होती, "नाना, आता वाया घालवू का?" नाना एका पायावर उभे राहून "घालव!" म्हणाले, तिनं खीळ ओढली, डोळे मिटले आणि नळकांडं नेमकं नानांकडं आणि मामाकडं धरलं. दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झाले. उरलेली थोडी पूड इंजिनापर्यंत पोचली. मग मी घोंगडं पसरलं, त्यावर आईची वाळू पडली, आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. खालून धूर येत होता, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येत होता. किती वेळ दाबून होते कळलं नाही. नाना लंगडत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोड आता. झालं."

गाडी वाचली होती, पण वायरी गेल्या होत्या. रिकामी ट्रॉली घेऊन सांगलीकडं निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दया करून दोर बांधला. आता ओढत न्यायची तर स्टिअरिंगच्या चाकावर कुणीतरी पाहिजे, ब्रेक दाबायला, नाहीतर गाडी ट्रॉलीत शिरणार. नानांचा ब्रेकचा पाय प्लॅस्टरात. मामाच्या तळव्यांना आईनं ओलं फडकं बांधलेलं. मी पुन्हा मागणार नव्हते. एकदा मागून झालं होतं.

मामाच म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याला म्हनावं एकादा बाप्या दे. दाजी, दारात पोरगी गाडी घिऊन आली तर पावनं काय म्हनतील?"

नाना पांढऱ्या तोंडानं त्याच्याकडं वळून म्हणाले, "भगवाना, मागं बस."

मामा मागं बसला, दोन बादल्यांच्या मध्ये. मी चाकावर बसले. तुळशी नाही, फाटक नाही, पुढं नुसता रस्ता. गाडीला आवाज नव्हता, फक्त दोर ताणल्याचा करकर आवाज आणि पुढं ट्रॅक्टरचा. दोर ढिला पडला की हलका ब्रेक, ताणला की सोडायचा. शेजारी बसलेल्या नानांनी कसं करायचं ते एकदाही सांगितलं नाही. सांगली आली, हळदीचा वास आला, माणसं दुकानाबाहेर येऊन बघायला लागली, पोरं शेजारून पळायला लागली. मी डावीउजवीकडं बघितलंच नाही. मामानं फडक्यात बांधलेले हात तोंडावर घेतले होते.

पाव्हण्यांच्या दारात सगळं घर जमलं होतं. ट्रॅक्टर थांबला, मी थांबवली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. शकूताईच्या होणाऱ्या सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आल्या. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. मागं काजळी फासलेल्या तोंडाची, नळकांडं धरलेली शकूताई त्यांना मोलकरीण वाटली असावी, कारण त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि मला न्याहाळत म्हणाल्या, "हीच का आमची नवरी?"

"न्हाई वं," नाना म्हणाले. आवाज बसलेला, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. "नवरी मागं हाय. ही आमची डायवर."

त्या बाई म्हणाल्या, "मग पैली हिचीच दिष्ट काढाया पायजे," आणि त्यांनी भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला. माझे हात चाकावरून सुटत नव्हते. समोर रस्ता नव्हता, त्यांच्या घराची भिंत होती, तरी मी समोरच बघत बसले. नानांकडं मान वळवली असती तर रडू आलं असतं, आणि चाकावर बसून रडायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं.